'झुरळ' हे नाव आलं कुठून?

शब्दवेडी
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात वळवळतोय. हिंदीतला 'तिलचट्टा' ऐकला की अर्थ लागतो. तेल चाटणारा तो तिलचट्टा. बंगालीत 'तेलापोका', म्हणजे तेलाचा किडा. आपलं 'झुरळ' मात्र काही बोलायलाच तयार नाही. 'झुरणे'शी नातं लावावं तर हा प्राणी कुणासाठी झुरताना कधी दिसला नाही. झुरतो आपण, ते घरातून जावं म्हणून.

माझा अंदाज असा की नाव आवाजावरून पडलं असावं. रद्दीमागे, फळीच्या कागदाखाली फिरताना जो झुर्र झुर्र आवाज येतो ना, तो. तुम्हाला काय वाटतं? आणि इतर भाषांत याला काय म्हणतात, का म्हणतात, तेही लिहा.

मारायचे उपाय कृपया नकोत. त्यासाठी वेगळे धागे भरपूर आहेत.

खवट
एकतर्फी प्रेमात झुरतं. म्हणूनच आपल्याकडे धावत येतं. व्युत्पत्ती सिद्ध, धागा बंद करायला हरकत नाही.

बे_एके_बे
आमच्या घरात त्याचं नाव 'आई गंऽऽऽ' असं आहे. हे मात्र शंभर टक्के ध्वन्यनुकारी.

निशाचर
तिलचट्ट्यात तीळ आहे की तेल? मला लहानपणापासून वाटायचं की तीळ चाटतो म्हणून तिलचट्टा.

शब्दवेडी
@निशाचर, तेलच. 'तेलचट्टा' असंही रूप आहे. तसंही 'तेल' हा शब्द तिळावरूनच आलाय, तेव्हा तुम्ही फार लांब गेला नाहीत.

तुंगभद्रा
धागा आवडला. आमच्या घरी बोलायला कन्नड, लिहायला मराठी. कन्नडमध्ये झुरळाला 'जिरळे' म्हणतात. झुरळ आणि जिरळे, एकाशेजारी एक लिहून बघा. तोच र, तोच ळ, तोच क्रम. हिंदीत असा शब्द नाही, गुजरातीत तर 'वांदो' म्हणतात. मग हे नाव उत्तरेकडून आलंय असं समजून संस्कृतात कशाला शोधायचं? दक्षिणेकडे बघा की.

खवट
घ्या. आता झुरळसुद्धा सीमावादात.

शब्दवेडी
@तुंगभद्रा, वा! हे माहीत नव्हतं. पण म्हणून आवाजाचा मुद्दा मी सोडणार नाही हां. 'जिर्र' काय आणि 'झुर्र' काय, दोन्हीकडे कान तेच ऐकतायत असंही असू शकतं.

जुना_पंडित
संस्कृताला इतक्या लवकर बाहेर काढू नका. 'झुरळ' संस्कृत नाही हे मान्य, पण तिलचट्ट्याची कल्पना तिथलीच. अमरकोशात 'परोष्णी' आणि 'तैलपायिका' ही नावं आहेत. तैलपायिका म्हणजे तेल पिणारी. आणि ही नावं येतात कुठे, तर वटवाघळाच्या नावांना लागून.

मनुस्मृतीच्या १२व्या अध्यायात कुणी काय चोरलं की कोणत्या जन्माला जातो याची यादी आहे. मांस चोरणारा गिधाड होतो आणि तेल चोरणारा 'तैलपक' होतो. त्या तैलपकाला तिथे चक्क 'खग' म्हटलंय. खग म्हणजे आकाशात जाणारा. टीकाकार याचा अर्थ तैलपायिका असाच लावतात. म्हणजे सरपटणाऱ्या किड्यांत न टाकता या प्राण्याला उडणाऱ्यांत बसवलं होतं.

प्राजक्ता_प
उडणाऱ्यांत बसवणाऱ्याला माझा साष्टांग दंडवत. ज्याने उडतं झुरळ पाहिलंय तोच हे लिहू शकतो.

निशाचर
पण तेल खरंच पितं का? माझ्या पाहण्यात तर पुस्तकांच्या बांधणीचा डिंक, साबण, टाकलेली नखं असलं काहीही खातं.

सहा_पाय
कीटकांवर काम करतो, म्हणून थोडं लिहितो. तेल आवडतंच, पण ते सर्वभक्षी आहे, निशाचर म्हणतात ती यादी बरोबर आहे. पिष्टमय आणि गोड पदार्थ त्याला जास्त ओढतात. 'तेलाचा' हा शिक्का बसायला मला दुसरं कारण जास्त पटतं, ते म्हणजे त्याचं अंग. पाठीवर मेणचट थर असतो, अंगातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून. उजेड पडला की ते तेल माखल्यासारखं चकाकतं, हाताला ओशट लागतं, वर तो कुबट वास. आणि गंमत अशी की या तैलपायिकेला तेलात बुडवलं तर ती मरते. झुरळ नाकाने श्वास घेत नाही, छाती आणि पोटाच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, ती तेलाने बुजतात.

खवट
उपाय नकोत म्हटलं होतं ना? सहा_पाय यांना पिवळं कार्ड.

शब्दवेडी
त्यांना माफ आहे. लिहा हो तुम्ही.

मुक्काम_पोस्ट
थोडा जगाचा फेरफटका.

इंग्रजी 'कॉकरोच'मध्ये कॉक म्हणजे कोंबडा नाही आणि रोच नावाचा मासाही नाही. मूळ स्पॅनिश 'कुकाराचा'. व्हर्जिनिया वसाहतीच्या कॅप्टन जॉन स्मिथने १६२४ मध्ये ते 'काकारूच' असं काहीसं लिहिलंय, आणि तक्रार काय तर पेट्यांत शिरून खातं नि घाण करून ठेवतं. चारशे वर्षांत तक्रार तसूभर बदललेली नाही. पुढे इंग्रजी जिभेने अनोळखी शब्द मोडून त्यातून ओळखीचे दोन शब्द केले. मग अमेरिकेत 'कॉक'च्या चावट अर्थाची लाज वाटायला लागली, तेव्हा पुढचा भाग उडवून नुसतं 'रोच' ठेवलं.

तुर्कीत याला हमामातला किडा म्हणतात. ऊब आणि ओल, दोन्ही तिथे, पत्ता अचूक. आसामीत 'पोइताचोरा', म्हणजे रात्री भिजवून ठेवलेल्या भातावर डल्ला मारणारा. तमिळमध्ये 'करप्पान पूच्ची'. करप्पान हे तिथे एका त्वचारोगाचंही नाव आहे. फ्रेंचमध्ये 'काफार', आणि तोच शब्द उदासीलाही वापरतात. फ्रेंच माणसाला 'झुरळ झालं' म्हणजे त्याचं मन कशात लागत नाहीये.

खवट
म्हणजे फ्रेंचांच्यात झुरळ आणि झुरणं एकच? मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. कुणी ऐकेल तर शप्पथ.

प्राजक्ता_प
अगदीच. खवट, मान गये.

कोजागरी
जपानीची गोष्ट राहिली. तिथे झुरळाला 'गोकिबुरी' म्हणतात. मूळ शब्द 'गोकिकाबुरी', गोकी म्हणजे वाडगं आणि काबुरी म्हणजे कुरतडणारा. १८८४ मध्ये जीवशास्त्राच्या संज्ञांचा एक कोश निघाला, त्यात एका ठिकाणी छपाईत 'का' गळला. शाळेची पुस्तकं तिथून उचलत गेली आणि अख्ख्या देशात चुकीचाच शब्द रूढ झाला.

बे_एके_बे
मुद्रितशोधकाला डुलकी लागली आणि एक अक्षर झुरळाने खाल्लं. याहून समर्पक मुद्राराक्षस होणे नाही.

जुना_पंडित
+१ कोजागरी. व्युत्पत्ती शोधणाऱ्यांनी ही गोष्ट भिंतीवर लावून ठेवावी. 'गोकिबुरी'चा अर्थ नुसत्या तर्काने कुणी काढायला बसला असता तर जन्मात लागला नसता.

सहा_पाय
शास्त्रीय नावांतही सावळा गोंधळ आहे. घरात दिसणाऱ्या मोठ्या, तांबूस झुरळाचं नाव 'पेरिप्लानेटा अमेरिकाना'. पेरिप्लानेटा म्हणजे इकडेतिकडे भटकणारं, ते ठीक. पण ते मुळात अमेरिकेचं नाही. आफ्रिकेकडून जहाजांतून तिकडे गेलं. जिवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालणाऱ्या लिनिअसने १७५८ मध्ये नाव देताना नमुना अमेरिकेचा होता, म्हणून शिक्का अमेरिकन.

छोटं, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळे पट्टे असलेलं ते 'जर्मन' झुरळ. १७६७ मध्ये लिनिअसनेच नाव दिलं, आणि तेही जर्मनीचं नाही. २०२४ मध्ये एक मोठा अभ्यास आला, १७ देशांतल्या २८१ झुरळांचा जनुकीय ताळा घेतला. त्यातून दिसलं की हे झुरळ साधारण २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात 'ब्लाटेला असाहिनाई' या रानातल्या झुरळापासून वेगळं झालं. शेतं आणि वस्त्या वाढल्या तसं ते माणसाच्या आश्रयाला आलं. सुमारे १२०० वर्षांपूर्वी पश्चिमेला मध्यपूर्वेकडे सरकलं आणि युरोपात पोचलं ते १८व्या शतकात. तिथून वाफेची जहाजं आणि गरम ठेवलेली घरं यांच्या जोरावर जगभर.

मुक्काम_पोस्ट
@सहा_पाय, यावरून आठवलं. त्या छोट्या झुरळाला जर्मन लोक 'रशियन' म्हणायचे आणि रशियन लोक 'प्रुसाक', म्हणजे प्रशिया या जुन्या जर्मन राज्यातला माणूस. फिनिशमध्येही ते रशियनच. चेक भाषेत 'रुस' आहे आणि 'श्वाब'ही आहे, म्हणजे जर्मनीतल्या श्वाबियाचा माणूस. दोन्ही शेजाऱ्यांना सारखंच वाटून टाकलंय.

शेजारीण
हे सगळ्या सोसायट्यांत चालतं. झुरळं कायम वरच्या मजल्यावरून येतात. आणि वरच्या मजल्यावरच्यांना विचारा, ती खालून वर चढतात.

निशाचर
आणि न्यूयॉर्कमध्ये त्याच छोट्या झुरळाला 'क्रोटन बग' म्हणायचे. १८४२ मध्ये क्रोटन नदीचं पाणी नळाने शहरात आलं, ओलसर नळांभोवती झुरळं दिसायला लागली, लोकांना वाटलं पाण्यातूनच येतायत. माणसांवर ढकलता आलं नाही म्हणून नदीवर ढकललं.

तुंगभद्रा
शेजाऱ्यावर नाव ढकलायची ही पद्धत पाहिली की आपलं बरं वाटतं. मराठीने कन्नडला किंवा कन्नडने मराठीला झुरळ चिकटवलं नाही, दोघींनी एकच नाव वाटून घेतलं.

शब्दवेडी
@तुंगभद्रा, हे फारच छान.

खवट
वाटून घेतलं काय म्हणता, ते वाटून घ्यायची गरजच नसते. आपोआप दुप्पट होतं.

लिंगभेद_नको
अवांतर. 'ते झुरळ' असं नपुंसकलिंगी का? तो डास, तो ढेकूण, ती मुंगी, ती पाल, ती माशी. मग झुरळानेच काय पाप केलं?

जुना_पंडित
पाप कसलं? ते पाखरू, ते फुलपाखरू, ते वटवाघूळ, ते चिलट. नर का मादी ते बघायची आपल्याला गरज पडत नाही अशा बऱ्याच जिवांना मराठी नपुंसकात ठेवते. नियम पक्का नाही हे तुमच्याच यादीवरून दिसतंय.

सहा_पाय
गरज पडली तर ओळख सोपी आहे. पोटाच्या टोकाला दोन जाडसर, कांड्याकांड्यांचे काटे नरमादी दोघांनाही असतात, त्यांना वाऱ्याची बारीकशी झुळूकही कळते, म्हणून चप्पल उचलल्याबरोबर ते पळतं. नराला त्यांच्या आत आणखी दोन बारीक काड्या असतात. जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात पहिला प्रश्न हाच असायचा.

प्राजक्ता_प
आठवण करून देऊ नका. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या लावून पडलेलं झुरळ आणि त्याच्या जठरातले ते सहा दात. जेवण जात नसे.

निशाचर
वाक्प्रचार राहिलाच की. 'झुरळ झटकावं तसं झटकून टाकलं.' डास मारतात, ढेकूण चिरडतात, माशी हाकलतात, पण झटकायला झुरळच लागतं. जबाबदारी, पाहुणा, जुना मित्र, सगळं झुरळासारखं झटकता येतं. किळस, घाई आणि नंतर मागे वळून न बघणं, तिन्ही त्या एका क्रियापदात आलं.

बे_एके_बे
ज्याने हा वाक्प्रचार काढला त्याने झुरळ खरंच झटकून बघितलेलं नाही. झटकलेलं झुरळ जातं कुठे? दुसऱ्याच्या अंगावर.

शेजारीण
म्हणजे जबाबदारीच्या बाबतीत वाक्प्रचार अगदी बरोबर आहे.

कोजागरी
सहा_पाय, एक विचारायचं होतं. परवा रात्री ओट्याखाली पूर्ण पांढरं झुरळ दिसलं. खडूसारखं पांढरं, डोळे तेवढे काळे. वेगळी जात आहे का?

सहा_पाय
नाही, नुकतीच कात टाकलेलं आहे. नशीबवान आहात, सहसा दिसत नाही. पाठ मधोमध उकलते, आतून मऊ पांढरं झुरळ हळूहळू बाहेर येतं, मिशा सगळ्यात शेवटी, ओढून ओढून काढतं. तेवढा वेळ त्याला धड पळताही येत नाही, म्हणून ते आडोशाला जाऊन बसतं. हवा भरून अंग फुगवतं, काही तासांत कवच कडक होऊन तपकिरी होतं. बहुतेक वेळा आपली टाकलेली कातही खाऊन टाकतं. लहानाचं मोठं होईतो अमेरिकन झुरळ अशी दहा ते तेरा वेळा कात टाकतं.

मिशांवरूनच सांगतो. कधी लांबून शांतपणे बघा. पुढच्या पायाने एक मिशी खाली ओढून तोंडात धरतं आणि बुडापासून टोकापर्यंत सावकाश तोंडातून काढतं, मग दुसरी. दिवसातून कितीदा तरी. आपण त्याला घाणेरडं म्हणतो, पण मिशीवर धूळ किंवा मेणचट थर साचला तर त्याला वास नीट येत नाही, म्हणून ही साफसफाई.

खवट
आमच्या घरातले काही सदस्य आंघोळीच्या बाबतीत यावरून बोध घेतील काय?

अनामिक_वाचक
अणुयुद्धात फक्त झुरळं उरतील हे खरं ना?

सहा_पाय
किरणोत्सर्ग माणसापेक्षा कितीतरी जास्त सोसतात, पण फळमाशीसारखे कीटक त्यांच्याही पुढे आहेत. डोकं तुटलं तरी काही दिवस जगतं हे मात्र खरं, श्वास डोक्यातून नाही आणि रक्तही आपल्यासारखं भळाभळा वाहत नाही. शेवटी तहानेने जातं.

जुना_पंडित
मूळ प्रश्नाकडे येऊ का? इतक्या भाषा फिरून आल्यावर मला असं दिसतं की झुरळाची अर्थ लागणारी नावं बहुतेक सवयीवरून, जागेवरून किंवा नावडत्या माणसावरून पडली आहेत. 'झुरळ' यातल्या कशातच बसत नाही. पण त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही. 'ढेकूण' घ्या. संस्कृतात 'मत्कुण' आहे, पण आपला शब्द त्यातून आलेला नाही. प्राकृतात 'ढंकुण' होता, जैन पंडित हेमचंद्राने १२व्या शतकात असे शब्द 'देशी' म्हणून गोळा केले. संस्कृताच्या साच्यात न बसणारे, लोकांच्या तोंडचे. घरात, गोठ्यात, अंथरुणात रोज भेटणाऱ्या जिवांची नावं पंडितांकडून येत नाहीत. तिलचट्टा, तैलपायिका ही वर्णनं आहेत, विचार करून केलेली. 'झुरळ' हे नुसतं नाव आहे.

म्हणून मी तुंगभद्रा यांच्या बाजूने. कन्नड-मराठी पट्ट्यातला जुना देशी शब्द. 'झुरणे'शी काडीचा संबंध नाही.

शब्दवेडी
पट्ट्यातला देशी शब्द, हे मान्य. पण लोकांच्या तोंडी तो आला तेव्हा कानाला काहीतरी ऐकू आलं असेलच की! देशी शब्दांत तर आवाजावरून आलेले ढिगाने सापडतात. रातकिड्याची किर्र, भुंग्याची गुणगुण. मी 'झुर्र' सोडत नाही.

जुना_पंडित
नका सोडू. पण मग एक करा, झुरळाचा तो आवाज दहा जणांना ऐकवा आणि लिहायला सांगा. किती जण 'झुर्र' लिहितात बघू.

बे_एके_बे
मी 'सर्रकन' लिहीन.

शेजारीण
मी लिहायला थांबणारच नाही.

तुंगभद्रा
आमच्या आजीला विचारलं. ती म्हणाली, "जिरळेला जिरळे म्हणतात, त्यात काय शोधायचंय? आधी तो ओटा पुसून घे."

मुक्काम_पोस्ट
आजी आणि पंडित यांचं एकमत झालं म्हणायचं.

अजून एक नाव सुचलं. लॅटिन 'ब्लाट्टा', ज्यावरून शास्त्रीय नावं आली. रोमन लोक त्याच्यामागे 'उजेडापासून पळणारी' असं विशेषण लावायचे.

सहा_पाय
आणि तो जर्मन झुरळाचा रानातला पूर्वज, असाहिनाई, तो उजेडाकडे उडत येतो! दोघं दिसायला इतकी सारखी की भल्याभल्यांना फरक कळत नाही. पण एक दिव्यावर झेपावतं आणि दुसरं दिवा लागला की फटीत. घरात राहायला आल्यावर उडणंही जवळपास सोडलं, पंख असूनसुद्धा.

प्राजक्ता_प
मग माझ्या अंगावर जे येतं ते कोणतं? आणि खोलीत पाच माणसं असताना माझ्याचकडे का?

सहा_पाय
ते मोठं, अमेरिकन. उकाड्याच्या रात्री जास्त उडतं. त्याला पाखरासारखं उडून वर जाणं फारसं जमत नाही, भिंतीवर उंच चढायचं आणि तिथून तरंगत खाली यायचं. उतरण्याच्या वाटेत साधारण तोंडाच्या उंचीवर जो उभा असतो त्याला वाटतं की हे माझ्यावरच आलं. बाकीचे चार जण तोवर पलंगावर बसून पाय वर घेतात, त्यामुळे उभ्या राहणाऱ्या तुम्ही एकट्याच उरता.

प्राजक्ता_प
म्हणजे मी यापुढे पलंगावर आधी चढायचं. नोंद घेतली आहे.

खवट
@जुना_पंडित, तुमच्या त्या 'खग' लिहिणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, महाराज, खाली बसा.